ताराबाईंची अंगणवाडी आपण राखली, की फक्त नाव घेतलं?

रानवाट
ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या पहिल्या भारतीय प्राचार्या. मानाचं पद होतं. ते सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या गिजुभाई बधेकांकडे लहान मुलांना शिकवायला गेल्या. पुढे १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ, १९३६ ला दादरचं शिशुविहार. एवढ्यावर कुणीही समाधान मानलं असतं. बाई मात्र १९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या आणि १९५७ ला तिथून कोसबादच्या टेकडीवर.

बोर्डीत आदिवासी वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या, ती अंगणवाडी. मोठी मुलं गुरांमागे जायची, म्हणून शाळा कुरणावर भरली, ती कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हाताशी घेतली.

३१ ऑगस्ट १९७३ ला ताराबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ देशभर पोचली. पण आज गावात विचारा, अंगणवाडीत काय मिळतं? खिचडी, वजन, लस. शिकणं कुणाच्या तोंडी येत नाही. माझं स्पष्ट मत आहे, आपण नाव घेतलं आणि शिक्षण सोडून दिलं.

तलासरीकर
असहमत. ‘खिचडी’ हा शब्द तुम्ही तक्रारीसारखा वापरलाय. १९९२-९३ मध्ये याच भागात, जव्हारच्या वावर-वांगणीला पोरं कुपोषणानं दगावली, ते आठवा. कोसबादपासून ते फार लांब नाही. पोट खपाटीला गेलेल्या पोराला शिंपले मोजायला बसवून काय होणार? सरकारनं आहार आधी धरला, ते बरोबरच केलं.

रानवाट
दादा, आहार नको असं मी कुठे म्हटलं? कोसबादला आंघोळ, नखं, खरूज, खाणं हे सगळं शिक्षणातच धरलेलं होतं. आहार घेताना शिकवणं खाली का ठेवलं, एवढंच विचारतेय.

लाल बावटा
मी आणखी मागे जातो. ताराबाई बोर्डीला आल्या त्याच १९४५ मध्ये कम्युनिस्ट नेत्या गोदावरी परुळेकरांच्या मागे वारली आदिवासी उठला. वेठ बंद करा, मजुरी द्या, ही मागणी होती. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या अंगणात गाणी म्हणून त्याचं दैन्य सरत नाही. बाईंची तळमळ खरी, पण जमीनदाराला त्या कामाचा धाक वाटला नाही. ते काम आतापर्यंत गौरवलं जातं, १९६२ ला पद्मभूषणही झालं, आणि लढा पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपतो. माझी हरकत त्याला आहे.

दुपारचं ऊन
हरकत मान्य, निष्कर्ष नाही. वेठ सुटल्यावर त्या माणसाच्या नातवाला सातबारा वाचता यायला हवा ना? ते कुणीतरी शिकवायलाच हवं होतं.
आणि अनुताईंबद्दल एकच वाक्य लिहून कसं चालेल? तेराव्या वर्षी विधवा झालेली मुलगी शिकली, पुण्यातली नोकरी सोडून आली आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत त्या कामातून हलली नाही. ताराबाईंनंतरची जवळपास वीस वर्षं कोसबाद त्यांनी सांभाळलं.

अंगणातली ताई
मी सेविका आहे, म्हणून लिहिते. सकाळी पोरांना गोलात बसवलं, एकेकीच्या हातात चिंचोके दिले, बडबडगीत सुरू झालं, की फोन येतो, ‘पोषण ट्रॅकर ॲपवर वजनं टाकली का?’ मदतनीस स्वयंपाकात. मी वजनकाट्यापाशी. परत येते तोवर चिंचोके खोलीभर आणि दोन पोरं घराकडे पळालेली. त्यात गरोदर बायकांच्या नोंदी, घरी न्यायचा शिधा, लसीकरणाचा दिवस, वर सर्वेक्षणं. योजनेत सहा सेवा आहेत, शिक्षण त्यातली एक. आणि हे सगळं मानधनावर. पगार नाहीच. ग्रॅच्युइटीसाठीही २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टातून निकाल यावा लागला. शिकवणं सोडलं म्हणता तेव्हा ते आमच्या माथी येतं, ताई. आम्ही सोडलेलं नाही, आम्हाला वेळ ठेवलेला नाही.

रानवाट
ताई, बोट तुमच्याकडे नाही. धोरण ठरवणाऱ्यांकडे आहे.

दुपारचं ऊन
मग शहराकडेही वळवा. तीन वर्षांच्या पोराला पाटी नव्हे, थेट चार रेघी वही देऊन एबीसी गिरवायला लावणाऱ्या नर्सऱ्या मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली आहेत, आणि आपण हजारो रुपये भरून तिथे रांगा लावतो. ताराबाईंचं शिक्षण आधी तिथे मोडलं. गावातल्या अंगणवाडीत निदान पोरं मातीत खेळतात.

तलासरीकर
याला मात्र +१. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते सहा वयाचं शिक्षण पायाभूत टप्प्यात घेतलंय. तेव्हा आता मागणी नेमकी करू. प्रत्येक अंगणवाडीत आहार-आरोग्याला एक आणि फक्त शिकवायला दुसरी सेविका. पण एक अट, आहाराचा एक रुपयाही तिकडे वळवायचा नाही.

अंगणातली ताई
दुसरी आली तर तिलाही मानधनावर ठेवू नका. आणि आधी पत्रा बदला, पावसाळ्यात आमच्या खोलीत निम्मी जागाच कोरडी असते.