मदत हवी आहे : देवगडच्या काकी तक्रार द्यायला तयार नाहीत

नमस्कार मंडळी. आमच्या वाडीतल्या काकींना 'मुंबई पोलीस' म्हणून व्हिडिओ कॉल आला. तुमच्या नावाच्या पार्सलात ड्रग्ज सापडलेत, फोन ठेवलात तर अटक होईल, घरात कुणाला सांगायचं नाही. घाबरून त्यांनी यंदाच्या हापूसचे आलेले पैसे पाठवून दिले.

अशी व्हिडिओ कॉलवरच डांबून ठेवणारी 'डिजिटल अटक' असलं काही कायद्यात नाहीच, हे त्यांना आता पटलंय. तरी तक्रार नको म्हणतात. "झिलाक (मुलाला) काय सांगू? गावात तोंड कसा दाखवू?" एवढंच. बँकेत गेल्या तर "पैसे तुम्हीच पाठवलेत ना" म्हणून परत पाठवलं, तेव्हापासून तर कुणाशी बोलतच नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. फसवणारा मोकळा आणि तोंड लपवायचं काकींनी?

१९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला किंवा सायबरक्राईम पोर्टलवर तक्रार दिली, की पैसे पुढे ज्या खात्यात गेले तिथे अडवता येतात, पण जितका उशीर तितके ते पुढे सरकतात. म्हणून घाई आहे.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत कुणी यातून गेलंय का? काकींशी मालवणीत दोन शब्द बोलाल का? एखादी ताई असेल तर फारच बरं. आणि अडवलेली रक्कम परत मिळवायला कोर्टात अर्ज कसा केलात, कागद कुठले लागले, तेही कळवा.

'फी भरा, पैसे सोडवून देतो' म्हणणाऱ्यांनी कृपया मेसेज करू नये. तीही फसवणूकच असते.