शब्दचर्चा: सायकलफेरी, सायकल मोर्चा की आणखी काही?

प्रश्न: सायकल आणि सामाजिक चळवळी यांवर लेख लिहिते आहे. सगळीकडे 'सायकल रॅली' लिहून ठेवलंय, पण वाचताना फार सपाट वाटतं. कुठे कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद: 'रॅली' काढूनच टाका. मोर्चा कुणावर तरी जातो. समोर कचेरी लागते, हातात निवेदन लागतं. फेरी लोकांमधून फिरून परत येते. बर्मिंगहॅमला १८९४ मध्ये निघालेला क्लॅरियन सायकलिंग क्लब घ्या. मंडळी सुट्टीच्या दिवशी गावोगाव सायकली हाणायची, समाजवादी पत्रकं वाटायची, 'क्लॅरियन' साप्ताहिक खपवायची. ही चक्क प्रचारफेरी. जर्मन कामगारांच्या 'सॉलिडारिटेट' या सायकल संघटनेलाही (१८९६) तोच शब्द चालेल. नाझींनी १९३३ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

प्रश्नकर्ती: आणि 'क्रिटिकल मास' नावानं सायकलवाले एकत्र रस्त्यावर उतरतात, ते? सॅन फ्रान्सिस्को, १९९२. रस्ताभर सायकली, पण पुढारी नाही आणि निवेदनही नाही.

प्रतिसाद: मग मोर्चा नाहीच. 'झुंड' म्हटलं तर शिवी दिल्यासारखं होईल. मी 'जथा' लिहीन.

आणखी एक प्रतिसाद: जथा पटला. पण या सगळ्या शब्दांना घोळका लागतो. एकट्या माणसाचं काय? किटी नॉक्स ही बोस्टनची मिश्रवंशीय तरुणी, व्यवसायानं शिवणकाम करणारी. स्वतः शिवलेल्या विजारीच्या सायकल-पोशाखासाठी ओळखली जायची. 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' या अमेरिकी सायकलस्वारांच्या संघटनेची ती १८९३ पासून सदस्य. पुढच्याच वर्षी लीगनं सदस्यत्वाच्या नियमात 'गोरे' हा शब्द घुसडला. (संस्थेच्या नावातच 'मेन', तेव्हा बाईचीही पंचाईतच!) तरी १८९५ मध्ये लीगच्या ॲसबरी पार्क इथल्या मेळाव्याला ती गेली आणि सदस्यत्वाचं कार्ड पुढे केलं. घोषणा नाही, फलक नाही. याला फेरी म्हणणार की मोर्चा?

प्रश्नकर्ती: मी 'निषेध नोंदवला' असं लिहिलं होतं.

तोच प्रतिसादक: नको. निषेध नोंदवून माणूस बाजूला होतो. ती तर आत शिरली. 'हक्क बजावला' लिहा. तो रंगभेदी ठराव औपचारिकपणे रद्द व्हायला १९९९ उजाडलं, हेही त्याच परिच्छेदात येऊ द्या.

प्रश्नकर्ती: शेवटचं. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेबरोबर हजारो बायकांना सायकल शिकवली. तिथे 'चळवळ' म्हणू?

प्रतिसाद: 'मोहीम' म्हणा. शब्द सरकारी वाटतो खरा, पण तिथे जिल्हा प्रशासन पाठीशी होतंच. आणि पुढच्या वाक्यात 'महिला सबलीकरण' नको. 'बायका सायकल शिकल्या आणि बाजाराला, पाण्याला आपल्या आपण जाऊ लागल्या' असं लिहा.