मदत हवी आहे: बाबांच्या डिस्प्लेवाल्या चष्म्यात काहीच दिसत नाही

गोदातीर
बाबांना ऐकू कमी येतं. समोरचा बोलतो ते डोळ्यांसमोर अक्षरांत दिसावं म्हणून त्यांच्यासाठी डिस्प्लेवाला चष्मा घेतला. फोनला जोडला तर काहीच दिसत नाही. केबल बदलली, फोन बंद-चालू केला, सेटिंगमध्ये जे सापडलं ते सगळं करून झालं. चष्मेवाला दुकानदार म्हणतो फोन तपासा, फोनवाला म्हणतो चष्मा तपासा. मे महिन्यात इथे नाशिकला गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला सुरू होईल, त्याआधी हे चालू व्हायलाच हवं. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा. "आधी चौकशी करून घ्यायचा होता" हे ऐकून झालंय, ते नको.

पाथर्डीफाटा
कोणता चष्मा, कोणता फोन, अँड्रॉइड की आयफोन? काहीच दिसत नाही म्हणजे चष्मा चालूच होत नाही, की चालू होऊन काळा राहतो? आणि अक्षरं कुठलं ॲप दाखवणार आहे? एवढं कळल्याशिवाय सगळे अंदाजच बांधणार.

तपोवन_७
चष्मा परत करा आणि सरळ रे-बॅन मेटा घ्या. मे २०२५ मध्ये भारतात आला, तेव्हा २९,९०० पासून होता. मी रोज वापरतो. फोन खिशात ठेवायचा, केबल नाही, वजन साध्या गॉगलइतकं. गाणी, कॉल, फोटो, प्रश्न विचारला की कानात उत्तर. पंचवटीतल्या गल्ल्यांमध्ये कानात रस्ता सांगतो, फोन काढावाच लागत नाही.

पाथर्डीफाटा
तपोवन, तुमच्या चष्म्यात पडदाच नाही. कॅमेरा, माईक आणि दांडीतले स्पीकर आहेत. तो सगळं कानात सांगतो आणि इथे प्रश्न कानाचाच आहे. मेटाचा पडदा असलेला चष्मा वेगळा, तो सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ७९९ डॉलरला आला. धाग्यात त्याचा विषय नाही.

तपोवन_७
मी उपयोगाची वस्तू सुचवली. पुढेमागे अपडेटमध्ये येईलही.

पाथर्डीफाटा
अपडेटने काचेत पडदा येत नाही हो.

श्रवणमित्र
मी या क्षेत्रात काम करते म्हणून स्पष्ट लिहिते. चष्म्याआधी कान बघा. वडिलांचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, शेवटचा कधी काढला? श्रवणयंत्र एका कानाला आहे की दोन्ही? कारखान्यात नोकरी होती का? मोठ्या आवाजात वर्षं काढलेल्यांचं नुकसान आधी वरच्या पट्टीत होतं, ४ किलोहर्ट्झच्या आसपास. त्यामुळे "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" अशी तक्रार असते. स, श, फ, थ अशी व्यंजनं हरवतात. अशा वेळी यंत्राचं सेटिंग नीट करून घेतलं तर निम्मं काम होतं. लोक आधी महाग गॅजेट घेतात आणि दोन-दोन वर्षं यंत्राचं फिटिंग तपासून घेत नाहीत.

गोदातीर
दोन्ही कानांना यंत्रं आहेत, कानामागची. ऑडिओग्राम दिवाळीनंतर काढलाय, सेटिंगही तेव्हाच झालंय. हो, सातपूरला कारखान्यात प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबायच्या यंत्रांवर होते. घरात एकेकटं बोललं की बाबांना सगळं कळतं. सभेत कळत नाही, लग्नात कळत नाही, वाचनालयातल्या कार्यक्रमात कळत नाही. गेल्या वर्षी त्यांनी व्याख्यानमालेला जाणंच सोडलं. मी लहान होते तेव्हा हाच माणूस मला खांद्यावर बसवून गोदाघाटावर घेऊन जायचा. मला कानांचा सल्ला नकोय, चष्मा का लागत नाही ते हवंय.

पाथर्डीफाटा, ॲप गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब. फोनवर मराठी व्यवस्थित उमटतं. चष्म्याच्या नाकाजवळचा बारीक दिवा लागतो, पण पडदा काळाच राहतो.

कॉलेजरोड_टेक
फोन बदला. आयफोन १५ घ्या, केबल लावली की चित्र येतं. काही सेटिंग नाही, काही नाही.

अंबडचा_फिटर
चित्र येईल, पण लाइव्ह ट्रान्सक्राइब आयफोनवर नाही. ते ॲप अँड्रॉइडचं आहे.

ताई, दिवा लागतो म्हणजे चष्म्याला वीज मिळतेय. चित्र मिळत नाहीये. सी-टाईप पोर्ट सगळे सारखे दिसतात, पण प्रत्येकातून व्हिडिओ बाहेर येतो असं नाही. त्यासाठी फोनमध्ये डिस्प्लेपोर्ट अल्टरनेट मोड लागतो. मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनांत पोर्ट सी-टाईपचा असतो आणि आत यूएसबी २.० असतं. त्यातून चार्जिंग होतं, फाइली जातात, चित्र जात नाही. अशा फोनवर कितीही सेटिंग फिरवा, चष्मा काळाच राहणार. कंपनीचं नाव इथे लिहू नका, नुसता फोनच्या तपशिलात यूएसबीपुढे काय लिहिलंय ते बघा. आणि चष्मा एखाद्या लॅपटॉपला लावून बघितलात का?

आमच्याकडे प्लांटमध्ये रिअलवेअरचा हेडसेट आहे, हेल्मेटला बसतो, पडदा एका डोळ्याच्या खाली असतो आणि सगळं तोंडी हुकमावर चालतं. त्यात अँड्रॉइड आतच असल्यामुळे फोनची भानगडच नाही. परदेशातला इंजिनिअर आमच्या फिटरला मशीनसमोर उभं करून समजावतो, हात मोकळे राहतात. पण तो सभेत घालून बसण्याजोगा नाही, वजनदार आहे आणि लोक वळून बघतात.

सिडको_जुना
हे सगळं नवीन काही नाही. गूगल ग्लास हा पडदा-कॅमेरावाला चष्मा २०१३ मध्ये १५०० डॉलरला निघाला होता. कॅमेऱ्यामुळे लोक एवढे बिथरले की काही हॉटेलांनी तो घालून येणाऱ्यांना बंदी केली. पुढे कारखान्यांसाठी म्हणून विकला आणि मार्च २०२३ मध्ये तेही बंद. मायक्रोसॉफ्टने त्यांचा होलोलेन्स चष्माही थांबवला. आता २०२७ च्या सिंहस्थात लाखो लोक येतील, त्यात कोण कुणाचं चित्रण करतंय हे कसं कळणार? नदीत स्नान करणाऱ्या बायकांचं काय? यावर कोणी बोलत नाही.

तपोवन_७
रेकॉर्डिंग चालू असलं की फ्रेमवर पुढे दिवा लागतो.

सिडको_जुना
गर्दीत तो बारीक दिवा कोण बघत बसणार?

पाथर्डीफाटा
काळजी रास्त आहे, वेगळा धागा काढा, मीही लिहीन. ताईंच्या चष्म्यात कॅमेरा आहे असं त्यांनी म्हटलेलं नाही.

गोदातीर
कॅमेरा नाही. फिटरदादा, तपशिलात "यूएसबी २.०" एवढंच आहे. भावाच्या लॅपटॉपला लावला, लगेच मोठा पडदा दिसला. मग दुकानात "सगळ्या टाईप-सी फोनना चालतो" असं का सांगतात? आता पुन्हा फोन घ्यायचा का?

अंबडचा_फिटर
चष्मा चांगला आहे, हे सिद्ध झालं. नवा फोन लागेलच असं नाही. घरात, नात्यात कोणाचा जुना पण वरच्या श्रेणीतला अँड्रॉइड पडून असेल तर तो बघा. सॅमसंगच्या एस मालिकेत २०१७ च्या एस ८ पासून व्हिडिओ बाहेर येतो. गूगलच्या पिक्सेल ८ ला २०२४ च्या अपडेटने ही सोय मिळाली. सिमही लागत नाही, तुमच्या फोनचं हॉटस्पॉट दिलं की झालं. एमजी रोडला सेकंडहँड बघत असाल तर चष्मा सोबत घेऊन जा, दुकानातच लावून बघा, चित्र दिसलं तरच पैसे द्या. तोंडी शब्दावर घेऊ नका.

कॉलेजरोड_टेक
वायरलेस कास्टिंगही करता येईल. फोनवरून टीव्हीच्या डोंगलवर, डोंगलच्या एचडीएमआयमधून कन्व्हर्टर लावून चष्म्यात.

अंबडचा_फिटर
घाटावर डोंगलला वीज कुठून देणार? पॉवर बँक, डोंगल, कन्व्हर्टर, तीन वायरी. सत्तरीतल्या माणसाच्या मांडीवर एवढं जंजाळ ठेवायचं?

श्रवणमित्र
मग टॅबलेटच का नको? मोबाइल स्टँडवर समोर ठेवा, मोठी अक्षरं, चष्म्याचा ताण नाही, केबल नाही. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच ज्येष्ठांना हेच सोयीचं पडतं.

गोदातीर
करून झालंय. टॅबलेट मांडीवर असला की बाबा पूर्ण वेळ खाली बघतात. वक्ता हात कसे करतो, कुठे थांबतो, लोक कशावर हसले, काही दिसत नाही. एकदा ते म्हणाले, घरी बसून पेपर वाचण्यात आणि यात फरक काय? बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ऐकायची त्यांची सवय आहे, ओठांवरूनही त्यांना थोडं कळतं. म्हणून चष्मा. मला अक्षरं वक्त्याच्या चेहऱ्याजवळ हवीत.

श्रवणमित्र
हे आधी लिहिलं असतंत तर मी टॅबलेटचं म्हटलंच नसतं. ओठ आणि अक्षरं एकत्र दिसली तर खरंच खूप फरक पडतो, यंत्रातून येणारा अर्धामुर्धा आवाजही मग जुळतो. यंत्रं काढून ठेवू नका, चष्म्याबरोबर चालूच ठेवा.

मेनरोड_चष्मावाले
माझं चष्म्याचंच दुकान आहे, म्हणून एक विचारतो. वडिलांना नंबर आहे का? आणि प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेत लांबचा-जवळचा नंबर, वापरतात का? डिस्प्ले चष्म्यात पडदा डोळ्यांसमोर इंचभर असला तरी चित्र काही मीटर लांब असल्यासारखं दिसतं. त्यामुळे त्याला लांबचा नंबर लागतो, वाचायचा नाही. बरेच जण "अक्षरं वाचायची आहेत" म्हणून जवळचा नंबर घालतात आणि मग धुरकट दिसतं. आत लावायची वेगळी काच येते, नाकाजवळ क्लिपने किंवा चुंबकाने बसते. तिच्यात फक्त लांबचा नंबर घाला. प्रोग्रेसिव्ह घालू नका, मान वर-खाली करावी लागेल. आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून घ्या, ते चुकलं की अर्ध्या तासात डोकं दुखतं. मोजायला पैसे कोणी घेत नाही.

गोदातीर
नंबर आहे, प्रोग्रेसिव्हच आहे. काच करून घेते. हे कोणीच सांगितलं नव्हतं.

मामेभावाकडे जुना फोन निघाला, केबल लावली आणि चित्र आलं! पण ॲपचा पूर्ण पांढरा पडदा डोळ्यांसमोर येतो, त्यामागे माणूस दिसतच नाही.

अंबडचा_फिटर
ॲपमध्ये डार्क थीम करा. या चष्म्यांत अर्धपारदर्शक आरसा असतो, वरचा छोटा ओलेड पडदा त्यावरून परावर्तित होऊन डोळ्यांत येतो. जिथे काळं आहे तिथे पडदा प्रकाशच टाकत नाही, त्यामुळे तिथून पलीकडचं दिसतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवलीत तर माणूस दिसेल आणि नुसती अक्षरं तरंगतील. अक्षरांचा आकार वाढवा, ब्राइटनेस संध्याकाळी कमी करा. फोन आडवा धरून बघा, ओळी लांब येतात.

एक महत्त्वाचं. अशा चष्म्यांच्या काचा बाहेरचा प्रकाश बराच अडवतात. व्याख्यान संध्याकाळी, घाटाच्या पायऱ्या दगडी आणि उंच. बाबा खुर्चीत बसल्यावरच चष्मा घालू द्या आणि उठायच्या आधी काढा. यात अजिबात हयगय करू नका.

दिंडोरी_बागायतदार
द्राक्षाच्या छाटणीला असा चष्मा कोणी वापरलाय का? कोणती काडी ठेवायची ते मजुराला दाखवता येईल का?

पाथर्डीफाटा
दादा, भर उन्हात या काचेतलं काही दिसणार नाही. वेगळा धागा काढा.

पंचवटी_साउंड
मी मंडपाच्या साउंडची कामं करतो. तुम्ही सगळे चष्म्यावर बोलताय, माझ्या मते खरी अडचण पुढे येणार आहे. फोन बाबांच्या खिशात आणि वक्ता पन्नास फुटांवर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. फोनच्या माईकला स्पीकरचा घुमलेला आवाज, शेजारची कुजबुज आणि पुलावरच्या गाड्या एकत्र मिळणार, मग ॲप काहीही लिहिणार. माईक आवाजाच्या उगमाजवळ हवा.

कॉलेजरोड_टेक
कॉलर माईक घ्या, रिसीव्हर फोनच्या सी-टाईपला लावा.

पंचवटी_साउंड
सी-टाईपमध्ये तर चष्मा आहे. पोर्ट एकच.

अंबडचा_फिटर
बरोबर. ब्लूटूथ माईक घ्या. लाइव्ह ट्रान्सक्राइबच्या सेटिंगमध्ये कोणता माईक वापरायचा ते निवडता येतं. चार्जिंगचीही सोय बघा, चष्मा फोनचीच बॅटरी खातो. वीज आणि व्हिडिओ दोन्ही देणारा छोटा अडॅप्टर मिळतो, त्याला पॉवर बँक लावा.

पंचवटी_साउंड
ब्लूटूथ माईक स्टेजवर ठेवलात तर मागच्या रांगेपर्यंत पोचायचा नाही. त्यापेक्षा बाबांना बाजूच्या स्पीकरजवळ बसवा आणि माईक स्पीकरच्या समोर स्टँडला लावा, चार-पाच फुटांवर. अगदी चिकटवू नका, आवाज फाटेल. साउंडवाल्याला सुरुवातीच्या अर्धा तास आधी भेटा, मुख्य कार्यक्रम सुरू झाल्यावर कोणी ऐकणार नाही. नेटचंही बघा, गर्दीत रेंज पडते. दोन कंपन्यांची सिमं सोबत ठेवा.

आणि पहिली चाचणी घाटावर नको. कुसुमाग्रज स्मारकात नाहीतर सावानाच्या (सार्वजनिक वाचनालयाच्या) एखाद्या कार्यक्रमाला जा. बंद सभागृह, लोक कमी, आवाज स्वच्छ.

गोदातीर
काच आली. काल रात्री घरात करून बघितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बोलत होती आणि बाबा तिच्याकडे बघत उत्तरं देत होते. नावं चुकतात, पूर्णविराम येत नाहीत, दोघं एकदम बोलले की गोंधळ होतो. तरी त्यांनी तासभर चष्मा काढला नाही. चष्म्याचा गरमपणा कपाळाला जाणवतो म्हणतात, त्यावर काही करता येतं का?

साउंडवाले दादा, रविवारी सभागृहात जाणार आहोत. माईक स्पीकरसमोर लावायची परवानगी आयोजकांकडे मागायची की साउंडवाल्याकडे?

पंचवटी_साउंड
आयोजकांना आदल्या दिवशी फोन करा, "वडिलांना ऐकू येत नाही, खुर्ची स्पीकरजवळ हवी" एवढं सांगा. साउंडवाल्याला तिथे जाऊन भेटा. स्टँड तुमचा न्या, आमच्याकडे जास्तीचा नसतो.

अंबडचा_फिटर
गरम होतोच, पडदा वरच्या बाजूला असतो. ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि मध्यंतरात केबल काढून ठेवा.