ओढ्याकाठची वासंतिक रानफुले : आपले अनुभव लिहावेत

मंडळी, अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन डोंगररांगांच्या आसपास आपल्यापैकी अनेक जण राहतात. तिथल्या जंगलात एप्रिलमध्ये, झाडांना पालवी फुटण्याआधी, ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचते. त्या थोड्या आठवड्यांत फुलून, सावली दाटली की जूनपर्यंत पानांसकट नाहीशी होणाऱ्या फुलांविषयी, विशेषतः ट्राउट माशांच्या ओढ्यांकाठी पाहिलेल्या फुलांविषयी, आपण लिहावे अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

पेनसिल्व्हेनियात मी गेली नऊ वर्षे एकाच ओढ्यावर मासेमारीला जातो. तिथे ब्रुक ट्राउट हा या राज्याचा राज्यमासा मिळतो. त्याच्या अंगावरच्या नक्षीची आठवण करून देणारे तपकिरी डाग ज्या फुलझाडाच्या पानांवर असतात, त्याला ट्राउट लिली म्हणतात. एकच पान असलेले रोप फुलत नाही. दोन पाने येऊन पिवळे, खाली मान घातलेले फूल लागायला अनेक वर्षे जातात. हे कळण्यापूर्वी मी त्या एकेका पानावर बूट ठेवून पाण्यात उतरत असे, याचे मला आजही वाईट वाटते. आता मी वळसा घालून खडकाळ जागेवरून उतरतो. मे महिन्यात जी सावली ही फुले संपवते, तीच उन्हाळाभर ओढ्याचे पाणी थंड ठेवते आणि पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ब्रुक ट्राउटला त्रास होऊ लागतो. म्हणूनच काठावरची हेमलॉकची सूचिपर्णी झाडे किडीने वाळताना पाहिली की मला फुलांइतकीच माशांचीही काळजी वाटते.

*

आम्ही टेनेसीत राहतो. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात सपुष्प वनस्पतींच्या १,५०० हून अधिक जाती आहेत आणि तिथे १९५१ पासून वसंतात रानफुलांच्या सहली भरवल्या जातात. आमची आवडती वाट पोर्टर्स क्रीकची आहे. ओढ्याचा आवाज सतत सोबत असतो. लाकडी साकव ओलांडून थोडे वर गेल्यावर झालरीसारख्या पाकळ्यांच्या पांढऱ्या फॅसेलियाने जमीन इतकी झाकलेली होती की माझ्या मुलीला बर्फ उरला आहे असेच वाटले.

*

आई साताऱ्याहून आली होती, तेव्हा तिला व्हर्जिनियातील बुल रन ओढ्याकाठी ब्लूबेल्स दाखवायला नेले. कळी गुलाबी आणि फूल निळे, हे तिने वाकून दहा ठिकाणी तपासून पाहिले. परतताना ओलसर जागी एक हिरवट, जांभळ्या रेघांचा फणा दिसला आणि ती थबकून म्हणाली, “अगं, हा तर आपला सापकांदा!” त्याला इथे जॅक-इन-द-पुल्पिट म्हणतात आणि तो खरोखरच कास-महाबळेश्वरला पहिल्या पावसानंतर उगवणाऱ्या सापकांद्याच्या प्रजातीतला, अळूच्या कुळातला आहे. तिकडे कंद पावसाची वाट पाहतो, इकडे वसंतातल्या उबेची. आईने त्या संध्याकाळी मावशीला फोन करून हेच सांगितले, ब्लूबेल्सचा उल्लेख नंतर आला.

*

ओहायोहून लिहिते आहे. ब्लडरूटचे पांढरे फूल आपल्याच पानाची शाल पांघरून वर येते. एक-दोन दिवसांत, जोराचा वारा आला तर त्याआधीही, पाकळ्या गळतात. देठ मोडले की शेंदरी रस येतो, पण तो पाहण्यासाठी देठ मोडू नये. अशाच रानफुलांपैकी तीन पाकळ्यांचे ट्रिलियम घरच्या बागेत लावता येईल का, हे कोणी सांगाल का?

*

ताई, लावता येते, पण जंगलातून उपटून आणू नये. राष्ट्रीय उद्यानात तर तो गुन्हाच आहे. ट्रिलियमच्या बीला एक स्निग्ध खाऊ चिकटलेला असतो, त्यासाठी मुंग्या बी वारुळात ओढून नेतात, खाऊ संपला की बी टाकून देतात आणि तिथे ते रुजते. त्यानंतर फूल यायला साधारण सात किंवा अधिक वर्षे लागतात. बियांपासून वाढवलेली रोपे विकणारी रोपवाटिका शोधावी आणि रोप घेण्यापूर्वी ते कुठून आले, हे स्पष्ट विचारावे. मी तीन वर्षांपूर्वी लावलेल्या रोपाला यंदा फक्त तीन पाने आली आहेत.