नववीचा प्रकल्प : उष्ण-शीत रंग, पण सूर्य-चंद्र सोडून काय काढता येईल?

निशिगंध
नमस्कार. लेक नववीत आहे. शाळेत प्रकल्प मिळालाय : 'उष्ण व शीत रंगांचा अभ्यास'. ए-थ्री कागद, माध्यम पोस्टर कलर. हिने मधोमध रेघ मारून डावीकडे लालकेशरी सूर्य, उजवीकडे निळा चंद्र काढला. निम्म्या वर्गाने तेच काढलं होतं म्हणे. बाईंनी परत पाठवलं : "रंगचक्र पाठ आहे ते कळलं, आता तू काय पाहिलंस ते दाखव." तेव्हापासून स्वारी रुसून बसली आहे, आणि मला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नाही. घरात बसून करता येईल असं काही सुचवाल का? शिवाय तिचा एक प्रश्न : हिरवा आणि जांभळा शीत म्हणायचे, तर पोपटी थंड का वाटत नाही?

खडू-डस्टर
बाईंना माझा नमस्कार सांगा. चित्रकलेचा तास गणिताला देऊन टाकायच्या दिवसांत असं म्हणणाऱ्या बाई मिळाल्या हे नशीब समजा. मी सांगलीकडे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो, तेव्हा जरा लांबण लावणार.

आज दिवेलागणीला हे करा. खिडकीजवळ टेबल, त्यावर पांढरा कागद, कागदावर पांढरा कप. खिडकी शक्यतो उत्तरेची किंवा पूर्वेची, कारण पश्चिमेचं आकाश त्या वेळी स्वतःच तांबडं असतं. कपाच्या दुसऱ्या अंगाला पिवळ्या उजेडाचा टेबललॅम्प लावा. कपाच्या दोन सावल्या पडतील. एक निळसर दिसेल, दुसरी केशरी.

जादू काही नाही. दिव्याचा उजेड कपाने जिथे अडवला तिथे फक्त खिडकीतून आभाळाचा उजेड पोचतो, म्हणून ती सावली निळी. खिडकीचा उजेड अडला तिथे फक्त दिवा पोचतो, म्हणून ती केशरी. जर्मन कवी ग्योथेने १८१० मध्ये या रंगीत सावल्यांबद्दल सविस्तर लिहून ठेवलंय. बाहेर फार उजेड असेल तर दिव्याची सावली पुसट होते आणि पुरता अंधार पडला की खिडकीची सावली जाते. दोन्ही सारख्या गडद दिसतात तो वेळ थोडाच असतो, तेव्हा रंग आधीच काढून ठेवा.

हेच चित्र. कप, कागद, दोन सावल्या. बास.

सावलीला बाटलीतला निळा थेट फासू नका. अल्ट्रामरिनमध्ये (गडद निळा) कणभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा. केशरी सावलीला यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियनचं (केशरीकडचा लाल) टोक आणि पांढरा. दोन्ही रंग मळकेच हवेत, शेजारी-शेजारी आले की आपोआप बोलायला लागतात.

आता पोपटी. पोरीचा प्रश्न पुस्तकापेक्षा शहाणा आहे. पोपटीत पिवळा भरपूर, म्हणून तो उष्णाकडे झुकतो. व्हिरिडियन हा दुसरा हिरवा निळ्याकडे झुकतो. लालातही तसंच. व्हर्मिलियन पिवळ्याकडचा, क्रिमसन निळ्याकडचा. जांभळा करायला व्हर्मिलियन आणि अल्ट्रामरिन मिसळलंत की तपकिरी चिखल होतो, कारण व्हर्मिलियनमधला पिवळा जांभळ्याला मारतो. क्रिमसन घ्या, जांभळा स्वच्छ येईल. रंग उष्ण की शीत हे त्याचा शेजारी ठरवतो.

जमलं तर तिला चित्रकार हळदणकरांचं हाती दिवा घेतलेल्या बाईचं चित्र नेटवर दाखवा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, तेही जलरंगात. (लोक ते खुशाल रविवर्म्याच्या नावावर खपवतात. हळदणकर आपल्या सावंतवाडीचा माणूस, जरा अभिमान ठेवा!) दिव्याआड धरलेल्या बोटांतून उजेड कसा तांबूस झिरपतो ते बघायला सांगा, आणि तो पेटलेला दिसावा म्हणून भोवतालचं सगळं किती गप्प ठेवलंय तेही.

फिलामेंट
माझं दिव्यांचं दुकान आहे, म्हणून थोडी भर. एलईडी घेताना खोक्यावरचा केल्विनचा (उजेडाच्या रंगाचं माप) आकडा बघा. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. गिऱ्हाईक हमखास गोंधळतं, कारण आकडा वाढतो तसा उजेड थंड वाटतो. लोखंड तापवताना आधी लाल होतं, आणखी तापलं की पांढरं, तोच हिशेब. सरांच्या प्रयोगाला ३०००चा घ्या. आणि खोलीतली ट्यूब बंद करा, नाहीतर तिसरी सावली येऊन बसेल.

रेघोटी
सरांशी सहमत, पण एक सावधगिरी. मुलगी पुढे चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसणार असेल तर संकल्पचित्रात (डिझाइनच्या पेपरात) हा शहाणपणा नको. तिथे शीत रंगसंगती मागितली तर निळा, हिरवा, जांभळा आणि त्यांच्या छटा. परीक्षकासमोर कागदांचा गठ्ठा असतो, पोपटी कुठे झुकतो याचा विचार करायला त्याला उसंत नसते.

खडू-डस्टर
@रेघोटी, बरोबर. परीक्षेत परीक्षेसारखंच वागावं. पण हा प्रकल्प आहे, आणि बाईंनी दार उघडं ठेवलंय.

निशिगंध
सर, सावल्या दिसल्या!! रुसवा गेला, आता पूर्ण टेबल तिच्या ताब्यात आहे आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. अडचण एकच. मोबाइलवर फोटो काढला तर निळी सावली चक्क राखाडी येते. फोटोवरून रंगवायचा बेत होता.

फिलामेंट
कॅमेरा पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून उजेडाचा रंग आपणहून दुरुस्त करतो. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून ५००० च्या आसपास अडकवा. बराच फरक पडेल.

खडू-डस्टर
फोटो फक्त आकारासाठी ठेवा. रंगासाठी रद्दी कागदाचा तुकडा टेबलाशी ठेवून, सावली समोर असताना मिश्रणाचे ठिपके द्यायचे आणि खाली कशात काय घातलं ते पेन्सिलीने लिहायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठिपक्यांवरून रंगवायचं. ठिपके वाळल्यावरच जुळवा, पोस्टर कलर ओला असताना वेगळा दिसतो. आणि तो ठिपक्यांचा कागद टाकू नका, चित्रासोबत बाईंना द्या.