शब्दचर्चा : दुर्लक्षित, अलक्षित, झाकोळलेला, अनवट

प्रश्न : १९६० आणि १९७० च्या दशकांतील प्रोग्रेसिव्ह (लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या) व सायकेडेलिक (स्वप्नवत, भ्रमासारखा अनुभव देणाऱ्या) रॉकचे जे अल्बम त्या काळी मागे पडले आणि आज नव्याने ऐकले जात आहेत, त्यांना मराठीत सरसकट ‘दुर्लक्षित’ म्हटले जाते. हा शब्द सगळीकडे चालेल का? आणि त्यांच्याकडे श्रोते पुन्हा वळतात, या घटनेला ‘पुनर्शोध’ म्हणावे का?

उत्तर : आधी सोप्या भागाचा निकाल लावू. ‘पुनर्शोध’ हे रूप संधिनियमांनुसार सदोष आहे. श, ष, स यांच्यापूर्वी ‘पुनर्’मधल्या रफाराचा विसर्ग होतो, म्हणून ‘पुनःस्थापना’प्रमाणे ‘पुनःशोध’ असे लिहावे. ‘फेरशोध’ मात्र मला योग्य वाटत नाही, कारण ‘फेरविचार’, ‘फेरतपासणी’, ‘फेरनिवडणूक’ या शब्दांत पूर्वी रीतसर झालेली गोष्ट पुन्हा करण्याचा भाव आहे आणि या अल्बमांचा मुळात कोणी रीतसर शोध घेतलेलाच नव्हता.

‘दुर्लक्षित’चा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. वस्तू डोळ्यांसमोर आहे आणि पाहणाऱ्याने तिच्याकडे लक्ष दिले नाही, असा या शब्दाचा अर्थ आहे. म्हणजे तो वापरताना लक्ष न देणारा कोण आणि कुठला, हे मनाशी स्पष्ट असले पाहिजे. लव्ह या लॉस एंजेलिसच्या गटाचा ‘फॉरएव्हर चेंजेस’ (१९६७) अमेरिकेच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत १५४ व्या क्रमांकापुढे गेला नाही, ब्रिटनमध्ये मात्र तो २४ व्या क्रमांकापर्यंत पोचला. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्लिश गटाच्या ‘पॉन हार्ट्‌स’ची (१९७१) दुसरी बाजू तेवीस मिनिटांच्या एकाच रचनेने व्यापलेली आहे. मायदेशात त्याला थंड प्रतिसाद मिळाला आणि इटलीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. अशा अल्बमांना ‘स्वदेशात दुर्लक्षित’ म्हणणे अचूक आहे, नुसते ‘दुर्लक्षित’ म्हटल्याने इटलीतल्या श्रोत्यांवर अन्याय होतो. (या दोन्ही उदाहरणांत मी ‘गीतसंग्रह’ म्हटलेले नाही. तेवीस मिनिटांची अखंड रचना संग्रहाच्या कल्पनेत बसत नाही आणि ‘तबकडी’ म्हणजे हातात धरायची वस्तू, म्हणून ‘अल्बम’ हाच रुळलेला शब्द ठेवावा.)

लिंडा पर्हॅक्स यांच्या ‘पॅरललोग्राम्स’ची (१९७०) गोष्ट वेगळी आहे. दंतवैद्याच्या दवाखान्यात काम करणाऱ्या या गायिकेची गाणी तिथे रुग्ण म्हणून येणारे संगीतकार लेनर्ड रोझनमन यांनी ऐकली आणि त्यांच्याच पुढाकाराने हा अल्बम झाला. स्वतःच्याच आवाजाचे थर एकमेकांवर रचत जाणारे त्याचे शीर्षकगीत आजही थक्क करते. पण प्रसिद्धीअभावी तो श्रोत्यांच्या नजरेसमोर आलाच नाही. जे दिसलेच नाही त्याकडे दुर्लक्ष तरी कोण करणार? इथे ‘अलक्षित’ हा शब्द हवा. ‘विस्मृत’ तर मुळीच नको, कारण विसरण्यासाठी आधी ठाऊक असावे लागते.

तिसरी छटा ‘झाकोळलेला’ या शब्दात आहे आणि तो मला या सर्वांत समर्थ वाटतो, कारण तो परिणामाबरोबर कारणही सांगतो. द प्रिटी थिंग्ज या इंग्लिश गटाचा ‘एस. एफ. सॉरो’ हा एका माणसाची जन्मापासून म्हातारपणापर्यंतची कहाणी सांगणारा अल्बम ब्रिटनमध्ये डिसेंबर १९६८ मध्ये आला. अमेरिकेत तो पोचला १९६९ मध्ये, द हू या गटाच्या ‘टॉमी’ या अशाच सलग कहाणी सांगणाऱ्या अल्बमनंतर. त्यामुळे आधी घडलेले काम तिथे अनुकरण भासले. अशा वेळी ‘उपेक्षित’ म्हणण्याचा मोह होतो, पण त्या शब्दात कोणीतरी जाणूनबुजून डावलल्याचा आरोप आहे आणि इथे घात तारखांनी केला.

हरकत : ‘पुनःशोध’ स्वीकारला तरी शोधणारा कोण? तुर्कस्तानचे रॉक गायक-गिटारवादक एरकिन कोराय यांचा ‘एलेक्ट्रोनिक तुर्क्युलेर’ (१९७४) हा पाश्चात्त्य श्रोत्यांनी ‘शोधून काढला’, असे आपण लिहितो, तेव्हा स्वतःच्या देशात ते आधीपासून नामवंत होते, हे पुसले जाते. शिवाय या सगळ्या अल्बमांसाठी संगीतक्षेत्रातला ‘अनवट’ हा सुंदर शब्द आपल्याकडे असताना एवढी विभागणी कशाला?

प्रत्युत्तर : पहिला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. कोराय यांनी लोकगीते आणि बागलामा हे लोकवाद्य विजेच्या गिटारच्या जगात आणले आणि त्यांचे श्रोते त्यांच्यासोबत होते. ब्राझीलच्या ओस मुतांतेस या रॉक गटालाही हेच लागू आहे. तिथे ‘पाश्चात्त्य श्रोत्यांना उशिरा झालेली ओळख’ असे सरळ लिहावे. वाक्य लांबते, पण कर्ता योग्य जागी येतो.

‘अनवट’ला मात्र माझा विरोध आहे, आणि तो शब्द प्रिय असल्यामुळेच आहे. अनवट राग क्वचित गायला जातो, तो त्याची वाट अवघड असते म्हणून. म्हणजे हा शब्द संगीताच्या घडणीविषयी बोलतो, त्याच्या नशिबाविषयी नव्हे. जेंटल जायंट या गटाच्या ‘ऑक्टोपस’मधील (१९७२) ‘नॉट्स’ हे गाणे अनवट आहे, कारण त्यात अनेक आवाज एकमेकांना छेद देत वेगवेगळ्या चालींनी जातात. याउलट द झोंबीज या गटाचा ‘ऑडिसी अँड ओरॅकल’ (१९६८) पहिल्याच ऐकण्यात मनात बसेल इतका सुरेल आहे. (मुखपृष्ठावर शीर्षकातील पहिल्या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग चुकलेले आहे, देवनागरीत ती चूक दिसत नाही.) तो प्रकाशित होण्याआधीच गट फुटला होता, आणि त्यातील ‘टाइम ऑफ द सीझन’ हे गाणे १९६९ मध्ये अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेले, तरी अल्बम ९५ व्या क्रमांकावरच थांबला. गाणे सर्वांच्या ओठी आणि अल्बम कोणाच्या घरी नाही, या स्थितीला ‘दुर्लक्षित’ हाच शब्द नेमका लागू पडतो, आणि त्याला ‘अनवट’ म्हणणे चुकीचे ठरेल.