फातोर्ड्यात सिंगापूरकडून हार, आणि आपल्या शाळेतल्या चोवीस पोरांचं काय करायचं?

वेंगुर्लेकर
मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ला गोव्यातल्या फातोर्ड्यात आपल्या फुटबॉल संघाला छांगतेने चौदाव्या मिनिटाला आघाडी मिळवून दिली, तरी आपण सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७च्या आशियाई चषकाबाहेर गेलो. सावंतवाडीहून दोन-अडीच तासांवरचं मैदान, म्हणून जास्तच लागलं. केप व्हर्देची लोकसंख्या साधारण ५ लाख आणि तो देश २०२६च्या विश्वचषकाला पात्र ठरला. एकट्या सिंधुदुर्गात २०११च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आसपास माणसं होती. मग आपलं नेमकं कुठे अडतं?

दुसरा प्रश्न कामाचा. १० ते १२ वर्षांची २४ मुलं-मुली, जांभ्याचं खडबडीत पटांगण, चार चेंडू, आठवड्याला तीन संध्याकाळी. चार महिने पाऊस. सुरुवात कशी करावी?

सडेकर
केप व्हर्देशी तुलना सोडा. त्यांचे बरेच खेळाडू नेदरलँड्स, पोर्तुगाल, फ्रान्समध्ये जन्मले आणि तिथल्याच अकादम्यांत घडले. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. इझुमी अराता यांना भारताकडून खेळण्यासाठी जपानी नागरिकत्व सोडावं लागलं. त्या वाटेने एखाददुसरा खेळाडू मिळेल, संघ उभा राहणार नाही.

तुलना करायची तर उझबेकिस्तानशी करा. १९९१ला स्वतंत्र झालेला देश. २०२३ला वीस वर्षांखालचा आशियाई चषक जिंकला, २०२५ला सतरा वर्षांखालचा, आणि मोठा संघ २०२६च्या विश्वचषकात. खालून वर अशी ओळीने बांधणी दिसते. आपण जानेवारी २०२४ला कतारमधल्या आशियाई चषकात त्यांच्याशी ०-३ हरलो. त्याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाशी ०-२, सीरियाशी ०-१. तीन सामन्यांत एकही गोल नाही!

गोल का नाही, याचं एक कारण लीगमध्येच आहे. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात चालतात आणि बहुतेक क्लब त्यातली एक जागा मधल्या फॉरवर्डला देतात. आपला पोरगा कडेला जातो किंवा बाकावर बसतो. गोलसमोर पाठीवर बचावपटू घेऊन खेळायची सवय त्याला लागणार कधी? २०२४ला आपला मुख्य गोल करणारा सुनील छेत्री निवृत्त झाला आणि २०२५ला त्याला परत बोलवावं लागलं, यातच सगळं आलं.

मुणगेकर
सडेकरांचं लीगबद्दलचं म्हणणं खरं आहे, पण परदेशी कमी करून हे सुटणार नाही. अडचण त्याच्या दहा वर्षं आधी सुरू होते. अंगावर माणूस आला की आपला खेळाडू चेंडू मागे देतो किंवा लांब मारतो, कारण पहिला स्पर्शच पायात राहत नाही. मैदान खडबडीत असलं की चेंडू गुडघ्यापर्यंत उसळतो. मग मूल डोळे चेंडूवरच ठेवतं, आजूबाजूला बघायचं शिकतच नाही, आणि घाबरून पहिल्या फटक्यात लाथ मारून मोकळं होतं. चौदाव्या वर्षापर्यंत ही खोड पक्की बसते. म्हणून माझ्या मते पहिला खर्च जागेवर करा, जर्सीवर नव्हे.

कोकणात जागा आहे, आणि फुकट आहे. ओहोटीची ओली, घट्ट पुळण. वेळ पंचांगावरून निघते: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते, आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. त्रयोदशीला भरती पावणेदहाला, म्हणजे संध्याकाळी चारच्या सुमारास पाणी पुरतं मागे. द्वादशीपासून पौर्णिमा किंवा अमावास्येच्या दुसऱ्या दिवसापर्यंत संध्याकाळचा सराव किनाऱ्यावर ठेवा. उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांबवर हटतं आणि रुंद पट्टा मिळतो. अष्टमीला संध्याकाळी सहाला भरती, तेव्हा किनाऱ्याचं नाव काढू नका. कोरड्या मऊ वाळूत पाय रुततात आणि पासिंग होतच नाही, ती जागा फक्त धावण्यापुरती. पावसाळ्यात समुद्राकडे अजिबात फिरकायचं नाही.

भातकापणीनंतर मळ्यातले कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, वापरा. साधारण ३० बाय २० मीटरचा तुकडा पाचास पाच खेळायला पुरतो. मालकाला विचारून, आणि कुळीथ-वाल पेरायच्या आधी. धसकटं मुळाशी छाटा, ढेकळं फोडा, पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे जमीन ठोकून घट्ट करा. भेगा राहिल्या तर घोटा मुरगळणार. सीमारेषा बांधापासून दोन मीटर आत घ्या.

गोलसाठी बांबू आणि बंदरावरची टाकून दिलेली जुनी जाळी. १२ फूट बाय ६ फूट. मागच्या पायांवर वाळूची पोती हवीतच. मुलं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि सुटा गोलपोस्ट अंगावर येतो.

चेंडू चार नंबरचा, पाच नंबरचा नको. चारचा घेर ६३.५ ते ६६ सेंमी, वजन ३५० ते ३९० ग्रॅम. जांभ्यावर हवा थोडी कमी ठेवली तर उसळी आवाक्यात राहते. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर खाऱ्या पाण्याने शिवण लवकर सुटते. चार चेंडूंवर भागणार नाही, निदान बारा लागतील. गावच्या मंडळाकडे मागायचे तर हेच मागा.

रेवदंडेकर
सरावाबद्दल. अकरास अकरा हा खेळ या वयात बंद. साधा हिशेब करा: ६० मिनिटं एक चेंडू २२ जणांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. चारास चारमध्ये साडेसात येतात. तुमच्या २४ जणांचे सहा संघ, तीन छोटी मैदानं, २५ बाय १५ मीटर.

तासाची मांडणी अशी. पहिली १५ मिनिटं दोघांत एक चेंडू: तळवा, आतली बाजू, बाहेरची बाजू, दोन्ही पाय. मग १५ मिनिटं आठ मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध एक. इथे एकच गोष्ट बघा: चेंडू येण्याआधी मूल खांद्यावरून मागे बघतं का, आणि येणाऱ्या चेंडूपासून लांबच्या पायाने तो घेतं का. जवळच्या पायाने घेतला की अंग बंद होतं आणि चेंडू जिथून आला तिकडेच परत जातो. राष्ट्रीय संघाच्या मधल्या फळीत आपण हेच बघतो. नंतर १० मिनिटं गोलसमोर एकास एक, पाठीवर बचावपटू घेऊन. उरलेली २० मिनिटं सामना, आणि त्यात शिक्षकांनी गप्प राहायचं. ‘पास दे, मार’ असं बाहेरून ओरडलं की निर्णय मुलाचा राहत नाही.

सरावात मैदानाला फेऱ्या मारणं आणि रांगेत उभं राहणं काढून टाका. बारा जणांच्या रांगेत मूल बहुतेक वेळ उभंच असतं.

पावसात शाळेचा हॉल किंवा रुंद पडवी असेल तर फुटसालचा, म्हणजे हॉलमधल्या छोट्या फुटबॉलचा, कमी उसळणारा चेंडू आणा. जांभ्यावर शेवाळ धरलं असेल तर बाहेर काढू नका, डोकं आपटतं.

सडेकर
सामन्यांचं राहिलं. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. एक सामना हरला की वर्ष संपलं. आजूबाजूच्या सहा शाळा एकत्र करा आणि प्रत्येकाशी दोनदा खेळा: दहा फेऱ्या, एकूण तीस सामने, २० मिनिटांचे दोन डाव. नोव्हेंबरच्या मध्यापासून शनिवारी, म्हणजे शिमग्याच्या आधी उरकतं. नियम एकच ठेवा, प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना. मिझोरममध्येही लहान मुलांच्या अशा लीग खेळवल्या जातात.

वयाचे दाखले चोख ठेवा. पुढे हाडांवरून वय तपासतात आणि खोटं निघालं तर मुलाचंच नुकसान होतं. आणि बुटक्या पोराला वगळू नका. बाराव्या वर्षी जो उंच दिसतो तो बऱ्याचदा फक्त आधी वाढलेला असतो.

वेंगुर्लेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. तिथीचा हिशेब बघितला, या पौर्णिमेपासून सुरू करतो. मुली नऊ आहेत. त्यांचा संघ वेगळा करावा का?

रेवदंडेकर
नको. बारापर्यंत एकत्रच खेळू द्या. नऊ जणींचे चारास चारचे दोन संघ कसेबसे होतात आणि एक बाहेर राहते, शिवाय रोज त्याच त्या प्रतिस्पर्धी. सहापैकी चार संघांत वाटून टाका, पण एकेकटी ठेवू नका. तीन संघांत दोन-दोन आणि एका संघात तीन जणी असं बसवा. आपल्या महिला संघाने जुलै २०२५ला थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून २०२६च्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली, हेही त्यांना सांगा. आणि बूट नसतील तर किनाऱ्यावर सगळ्यांनीच अनवाणी खेळायचं, त्याआधी काचा आणि शिंपले वेचून घ्यायचे.